बिस्मथ: शिशाच्या शेजारचा धातू

तुमच्या शाळेत विज्ञानाच्या वर्गात भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता असेल. मराठीत त्याला आवर्तसारणी म्हणतात. तिच्यात खालच्या बाजूला ८१ ते ८४ हे आकडे शोधा. ८१ थॅलियम, ८२ शिसं, ८३ बिस्मथ, ८४ पोलोनियम. मुंबईच्या जुन्या चाळीत एका ओळीत खोल्या असतात ना, तशी ही एक चाळ आहे असं समजा. पण या चाळीतली मंडळी काही फार चांगली नाहीत. थॅलियमचं विष पूर्वी उंदीर मारायला वापरायचे. पोलोनियम किरणोत्सारी आहे. त्याचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा पोटात गेला तर माणसाचा जीव घेऊ शकतो. शिशाबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे, आणि तेही काही चांगलं नाही.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, ८३ नंबरच्या खोलीत, राहतं बिस्मथ. पोट बिघडलं की लोक ते चक्क औषध म्हणून पितात!

तुम्ही अमेरिकेत राहत असाल तर ते गुलाबी औषध तुम्ही पाहिलं असेल. पेप्टो-बिस्मॉल. नावातच बिस्मथ लपलेलं आहे. त्यातल्या मुख्य पदार्थाचं नाव आहे बिस्मथ सबसॅलिसिलेट. हे औषध घेतल्यावर काही जणांची जीभ काळी पडते आणि ते घाबरतात. घाबरायचं कारण नाही. आपल्या थुंकीत थोडंसं गंधक असतं. बिस्मथ आणि गंधक एकत्र आले की बिस्मथ सल्फाइड तयार होतं आणि ते काळं असतं. दोन-चार दिवसांत काळेपणा जातो. पोटात जखमा करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा एक जिवाणू आहे. त्याला मारायला डॉक्टर जी औषधं देतात, त्यांतही पुष्कळदा बिस्मथ असतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या गुलाबी औषधात ॲस्पिरिनच्या जातीचा पदार्थही असतो. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ते देत नाहीत, कारण त्यातून एक गंभीर आजार होण्याचा धोका असतो. म्हणून कपाटातून बाटली काढून आपली आपण प्यायची नाही. आई-बाबांना विचारायचं.

हातात घेतलं तर

बिस्मथ दिसायला चांदीसारखं पांढरं असतं, पण त्या पांढऱ्यात किंचित गुलाबी झाक असते. चांदी आणि बिस्मथ शेजारी ठेवले तरच ती झाक नीट कळते. हातात घेतलं तर ते चांगलंच जड लागतं. एक घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका लहान फाशाएवढा तुकडा, ९.८ ग्रॅम भरतो. तेवढ्याच पाण्याचं वजन १ ग्रॅम, लोखंडाचं ७.९ आणि शिशाचं ११.३. म्हणजे बिस्मथ लोखंडापेक्षा जड आणि शिशापेक्षा थोडं हलकं. हे आकडे पुढे कामाला येणार आहेत.

इतकं जड असूनही ते मजबूत मात्र नाही. सोन्यावर हातोडा मारला तर त्याचा पत्रा होतो. बिस्मथवर मारला तर त्याचे तुकडे होतात. अशा वस्तूला मराठीत ठिसूळ म्हणतात. खारी बिस्किटं ठिसूळ, खडू ठिसूळ, तसंच बिस्मथ ठिसूळ. त्यामुळे नुसत्या बिस्मथचे खिळे, भांडी किंवा तारा कोणी करत नाही. त्याला बहुतेक वेळा दुसऱ्या धातूंमध्ये मिसळून कामाला लावतात.

धातू म्हणून त्याच्या सवयीही जरा उलट्याच आहेत. आमटी ढवळताना स्टीलचा चमचा तापतो, तांब्याचा तर त्याहून लवकर तापतो, कारण धातूंमधून उष्णता चटकन वाहते. बिस्मथमधून ती फार हळू जाते, तांब्याच्या जवळजवळ पन्नासावा हिस्सा. आणि लोहचुंबक जवळ आणला तर बिस्मथ त्याच्याकडे ओढलं जात नाही, उलट त्याच्यापासून किंचित दूर सरकतं. हे पहिल्यांदा १७७८ साली ब्रुगमन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. या गुणाला प्रतिचुंबकत्व म्हणतात. पाण्यातही तो असतो, आपल्या शरीरातही असतो, पण अगदी कमी. साध्या धातूंमध्ये बिस्मथचा नंबर पहिला. दोन बिस्मथच्या ठोकळ्यांच्या मध्ये छोटा चुंबक हवेत तरंगत ठेवण्याचा प्रयोग त्यामुळेच करता येतो. (वर आणखी एक मोठा चुंबक लागतो, त्याचं वजन पेलायला.)

बर्फासारखा धातू

फ्रीझरमध्ये पाण्याची काचेची बाटली विसरली तर काय होतं? ती फुटते. पाण्याचा बर्फ होताना तो जास्त जागा मागतो. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. आपल्याला याची इतकी सवय आहे की यात काही विशेष वाटत नाही, पण जगातले बहुतेक पदार्थ असं वागत नाहीत. तूप थिजलं की आकसतं. वितळलेलं लोखंड, तांबं, शिसं, सगळं थंड होताना आकसतं.

बिस्मथ मात्र पाण्यासारखं वागतं. वितळलेलं बिस्मथ घट्ट होताना साधारण ३.३ टक्के फुगतं आणि घट्ट बिस्मथ वितळलेल्या बिस्मथवर तरंगतं. कारागिरांनी याचा मोठा फायदा करून घेतला. साच्यात धातू ओतला आणि तो आकसला, तर साच्याचे बारीक कोपरे नीट उठत नाहीत. त्यात बिस्मथ मिसळलं की धातू आकसत नाही, कोपऱ्याकोपऱ्यात घट्ट बसतो. विमानाच्या इंजिनातलं वेडंवाकडं पातं घासायचं असेल तर ते यंत्रात पकडायचं कसं? त्याच्याभोवती बिस्मथचं मिश्रण ओततात, ते फुगून पातं घट्ट पकडतं, काम झालं की गरम करून मिश्रण काढून टाकतात. चष्म्याची काच घासतानाही ती धरून ठेवायला असंच मिश्रण वापरायची पद्धत आहे.

बिस्मथ २७१ अंश सेल्सिअसला वितळतं. हे तापमान धातूंच्या मानाने फार कमी आहे. घरच्या गॅसवरही ते गाठता येतं. म्हणूनच बिस्मथचे स्फटिक बनवण्याचे व्हिडिओ इतके लोकप्रिय आहेत. वितळलेलं बिस्मथ हळूहळू थंड होऊ दिलं की त्यात चौकोनी पायऱ्यापायऱ्यांचे स्फटिक तयार होतात. एखाद्या जुन्या पायविहिरीत वरून पाहिल्यासारखे दिसतात. कडा आधी वाढतात आणि मधला भाग मागे राहतो, म्हणून पायऱ्या पडतात. आणि त्यांचे रंग! गुलाबी, निळा, सोनेरी, हिरवा. पण हा रंग बिस्मथचा नाहीच. गरम बिस्मथवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसणारे रंग याच जातीचे. थर जिथे जाड तिथे एक रंग, पातळ तिथे दुसरा. व्हिडिओ पाहून घरी करावंसं वाटेल, पण २७१ अंशांचा धातू अंगावर उडाला तर उकळत्या तेलापेक्षा वाईट भाजतं. मोठं माणूस, जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, यांच्याशिवाय हा उद्योग नको.

चहात विरघळणारा चमचा

आता एक कोडं. बिस्मथ २७१ अंशांना वितळतं. शिसं ३२७ ला, कॅडमियम ३२१ ला, कथील २३२ ला. (कथील म्हणजे टिन. पूर्वी पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करायचे, ती कथलाची. तुमच्या आजीने कल्हईवाला नक्की पाहिला असेल, तिला विचारा.) हे चार धातू एकत्र केले, त्यात अर्धा भाग बिस्मथ घेतला, तर ते मिश्रण किती अंशांना वितळेल? उत्तर आहे फक्त ७०! उकळत्या पाण्याच्याही खूप खाली. या मिश्रणाला वूडचा धातू म्हणतात.

असं का होतं? थंडीत रस्त्यावर बर्फ पडला की मीठ टाकतात, ते तुम्ही पाहिलं असेल. मीठ मिसळलं की बर्फाला घट्ट राहणं अवघड जातं आणि तो कमी तापमानातही वितळतो. धातूंचंही तसंच. वेगवेगळ्या आकाराचे अणू एकत्र आले की त्यांना शिस्तीत ओळीने बसता येत नाही.

पूर्वी काही खोडकर लोक अशा धातूचा चमचा करायचे आणि पाहुण्याला चहाबरोबर द्यायचे. चहा ढवळता ढवळता चमचा गायब! गंमत खरी, पण त्यात शिसं आणि कॅडमियम दोन्ही असायचं, त्यामुळे तो चहा पिण्याच्या लायकीचा राहायचा नाही.

याच गुणाने असंख्य इमारती वाचवल्या आहेत. दुकानात किंवा हॉटेलात छताकडे बघा. पाण्याचे छोटे नळ खाली डोकावताना दिसतील. ते स्प्रिंकलर. १८७४ मध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथे हेन्री पार्मली याने आपल्या पियानोच्या कारखान्यात असे स्प्रिंकलर बसवले. पुढे १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेल याने त्यात मोठी सुधारणा केली. कल्पना साधी होती. पाइपात पाणी जोराने वाट बघत उभं आहे. तोंडावर झाकण आहे. ते झाकण दोन छोट्या पट्ट्यांनी धरून ठेवलंय आणि त्या पट्ट्या लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडल्या आहेत. आगीने छताजवळची हवा तापली, साधारण ७४ अंशांपर्यंत गेली, की जोड वितळतो, पट्ट्या सुटतात, झाकण उडतं आणि पाणी कोसळतं. वीज नको, माणूस नको. आजकाल पुष्कळ ठिकाणी पट्ट्यांऐवजी लाल द्रव भरलेली काचेची छोटी कुपी असते, पण धातूच्या जोडाचे स्प्रिंकलरही अजून बनतात. सिनेमात एकाने काडी पेटवली की सगळ्या इमारतीत पाऊस पडतो, ते मात्र खोटं. ज्या स्प्रिंकलरला ऊब लागते तोच उघडतो.

शेजाऱ्याची जागा घेणं

आता शिशाकडे वळू. शिसं स्वस्त, मऊ, सहज वितळणारं. माणसाने हजारो वर्षं ते सगळीकडे वापरलं. रोमन लोक त्याचे पाण्याचे पाइप करायचे. शिशाचं लॅटिन नाव प्लंबम, त्यावरूनच प्लंबर हा शब्द आला. आपल्याकडे मारुतीला जो शेंदूर लावतात, तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच लाल ऑक्साइड. (शिसपेन्सिलीत मात्र शिसं कधीच नव्हतं. ते ग्रॅफाइट. नाव चुकून पडलं आणि मराठीत कायमचं चिकटलं.)

शिशाचं वाईट हे की आपलं शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत जाऊन बसतं, मेंदूपर्यंत पोचतं. लहान मुलांचा मेंदू वाढत असतो, म्हणून त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. शिकायला, लक्ष द्यायला जड जातं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. किती शिसं चालेल? शास्त्रज्ञांचं उत्तर असं की मुलांसाठी सुरक्षित अशी मर्यादाच सापडलेली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने खर्च वाचवायला पिण्याचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात केली. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे औषध टाकायला हवं होतं ते टाकलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि हजारो मुलांनी ते पाणी प्यायलं.

पण शिसं काढून टाका म्हणणं सोपं, काढणं अवघड. नळाचंच उदाहरण घ्या. नळ पितळेचा असतो आणि पितळेत मुद्दाम थोडं शिसं घालत आले आहेत, कारण त्यामुळे कारखान्यात पितळ सहज कापलं जातं, त्याचा चुरा बारीक पडतो, हत्यार लवकर बोथट होत नाही. अमेरिकेत पूर्वी ८ टक्के शिसं असलेल्या नळालाही कायद्याने 'शिसं नसलेला' म्हणता यायचं! २०१४ च्या जानेवारीपासून पाण्याला लागणाऱ्या भागात ही मर्यादा ०.२५ टक्के झाली. मग शिशाऐवजी काय घालायचं? एक उत्तर होतं शेजारचं बिस्मथ. तेही पितळ कापायला सोपं करतं आणि पाण्यात जवळजवळ उतरत नाही.

शिकारीच्या छर्‍यांचीही गोष्ट अशीच. बदकं आणि हंस तळ्याच्या तळाशी बारीक खडे वेचून गिळतात. त्यांच्या पोटात दाणे दळायला ते लागतात. खड्यांबरोबर शिशाचे छर्रेही पोटात जायचे आणि पक्षी विषाने मरायचे. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद केले, इंग्लंडने १९९९ मध्ये. मघाचे वजनाचे आकडे आठवा. पोलादाचे छर्रे हलके, त्यांचा जोर लवकर संपतो. बिस्मथ शिशाच्या बरंच जवळ. म्हणून महाग असूनही ते विकलं जातं.

तिसरं उदाहरण तुमच्या हातातल्या फोनसारख्या वस्तूंचं. त्यातले भाग एकमेकांना जोडायला जो वितळणारा धातू लागतो त्याला मराठीत डाख म्हणतात. पूर्वी डाख कथील आणि शिशाचा असायचा. युरोपीय संघाने २००६ मध्ये बहुतेक विजेच्या वस्तूंतून शिसं काढायला लावलं. कथील आणि बिस्मथचा डाख फक्त १३८ अंशांना वितळतो. त्यामुळे वीज वाचते आणि नाजूक भाग भाजत नाहीत. पण हा डाख जरा ठिसूळ. फोन पडला तर जोड तुटण्याची भीती. आणखी एक गंमत म्हणजे, त्यात चुकून जुनं शिसं मिसळलं तर तिघांचं मिळून असं मिश्रण बनतं जे ९६ अंशांच्या आसपासच वितळतं. चमच्याची गोष्ट आठवली ना?

पिवळ्या रंगातही हीच अदलाबदल झाली. पूर्वी चकचकीत पिवळा रंग शिशाच्या क्रोमेटपासून बनायचा. आता गाड्यांच्या चांगल्या पिवळ्या रंगात पुष्कळदा बिस्मथ व्हॅनाडेट असतं. नेलपॉलिशमधली मोत्यासारखी चमकही कधीकधी बिस्मथच्याच एका संयुगाची असते.

म्हणजे बिस्मथ अगदी निर्दोष आहे का? नाही. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये अनेक लोक पोटासाठी बिस्मथची औषधं महिनोन्महिने, मोठ्या प्रमाणात घेत होते. त्यांतल्या शेकडो लोकांना मेंदूचा आजार झाला. बोलणं अडखळू लागलं, तोल जाऊ लागला. औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे झाले. शिशाच्या तुलनेत ते खूप सौम्य आहे, एवढंच खरं.

ते येतं कुठून?

इथे मोठीच अडचण आहे. फक्त बिस्मथ काढण्यासाठी खोदलेल्या खाणी जगात जवळजवळ नाहीतच. बोलिव्हियातल्या तास्ना खाणीसारखी नावं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचं बिस्मथ दुसऱ्या धातूंबरोबर आपोआप निघतं, मुख्यतः शिसं आणि टंगस्टनबरोबर. शिसं शुद्ध करताना वितळलेल्या शिशात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टाकतात. ते बिस्मथला पकडतात आणि मळीसारखे वर येऊन तरंगतात. ती मळी काढून तिच्यातून बिस्मथ वेगळं करतात. म्हणजे बघा, शिशाला पर्याय म्हणून जे हवं, ते मिळवायला आधी शिसंच गाळावं लागतं! जगाने शिसं अगदी सोडून दिलं तर बिस्मथही दुर्मीळ होईल. मला तरी हा या धातूच्या गोष्टीतला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो.

आज जगातलं बहुतेक शुद्ध बिस्मथ चीनमध्ये तयार होतं. अमेरिकेत खनिजापासून बिस्मथ शुद्ध करणं १९९७ मध्येच थांबलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने नियम केला की बिस्मथ देशाबाहेर पाठवायचं असेल तर सरकारी परवाना हवा. काही आठवड्यांतच बाहेरच्या बाजारात त्याची किंमत कित्येक पटींनी चढली. तोपर्यंत ज्या धातूचं नावही कोणी घेत नव्हतं, त्याच्यासाठी कारखानदारांची पळापळ सुरू झाली.

दोन उशिरा कळलेल्या गोष्टी

तुमच्या आई-बाबांच्या शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असायचं की बिस्मथ हे सगळ्यात जड स्थिर मूलद्रव्य आहे, म्हणजे ते किरणोत्सारी नाही. २००३ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी बिस्मथ असलेला स्फटिक अतिशय थंड करून मोजमाप केलं आणि दाखवलं की तेही किरणोत्सारी आहे. फक्त फार म्हणजे फारच आळशी. बिस्मथच्या एका ढिगातले अर्धे अणू बदलायला जेवढा वेळ लागेल तो विश्वाच्या आजपर्यंतच्या वयाच्या साधारण दीड अब्ज पट आहे. त्यामुळे औषधाची बाटली फेकून द्यायची गरज नाही. सगळ्यात जड स्थिर मूलद्रव्याचा मान मात्र आता शिशाकडे गेला.

दुसरी गोष्ट मुंबईत घडली. कुलाब्याला समुद्राच्या काठावर टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथचे स्फटिक थंड करत नेले. किती थंड? जगात त्याहून कमी तापमान असूच शकत नाही असा एक बिंदू आहे, उणे २७३.१५ अंश. त्याच्या वर फक्त ०.०००५३ अंश! तिथे बिस्मथ अतिवाहक बनलं, म्हणजे त्यातून वीज जराही अडथळा न होता वाहू लागली. हे त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं. अतिवाहक धातू आधीही माहीत होते, मग यात नवल काय? वीज वाहायला मोकळे इलेक्ट्रॉन लागतात. बहुतेक धातूंमध्ये प्रत्येक अणूमागे साधारण एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे एक. अतिवाहक धातूंबद्दलचा जो नेहमीचा सिद्धांत आहे, त्याच्या हिशोबाने इतक्या थोड्या इलेक्ट्रॉनांत हे जमायलाच नको होतं. पण मुंबईतल्या त्या प्रयोगशाळेत ते जमलं, आणि सिद्धांत मांडणाऱ्यांना नवीन काम मिळालं.